खेळाची भाषा : मुलांच्या सामूहिक खेळांतील काही शब्दांविषयी

प्राथमिक शाळेतील मुलांचे खेळ हा शारीरिक शिक्षणाचा किंवा फार तर लोकसाहित्याचा विषय आहे, भाषाशास्त्राचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न विद्यार्थ्यांकडून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. लपाछपी, विटीदांडू, आट्यापाट्या, खो-खो हे खेळ कसे खेळावेत याची माहिती देणारे ग्रंथ मराठीत आहेत, द. चिं. मुजुमदारांचा ‘व्यायाम-ज्ञानकोश’ तर अनेक खंडांचा आहे. मात्र अशा ग्रंथांतून आपल्याला नियम मिळतात. ते नियम ज्या बोलांनी चालतात त्यांचा विचार क्वचितच केलेला आढळतो. तो का करावयास हवा, हे काही शब्दांच्या आधारे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम ‘राज्य’ हा शब्द घेऊ. लपाछपीत ज्या मुलाने इतरांना शोधावयाचे असते त्याच्यावर ‘राज्य’ असते. व्यवहारात राज्य मिळते, राजाचे असते, त्यासाठी लढाया होतात. खेळात ते ‘येते’, आणि तेही कोणाला नव्हे, कोणा‘वर’. ‘माझ्यावर राज्य आले’ या वाक्यातील ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय ‘माझ्यावर कर्ज आहे’, ‘माझ्यावर आळ आला’ या वाक्यांतील ‘वर’च्या जातीचे आहे. वैभवाचा शब्द मुलांनी ओझ्याच्या चौकटीत बसविला आहे, आणि ही चौकट त्यांना कोणीही शिकविलेली नाही. कोशकार ‘राज्य’ या शब्दाखाली खेळातील अर्थ देईलही. पण विभक्तीचा हा पालट टिपला नाही तर अर्थाचे मर्मच निसटते.

दुसरी गोष्ट अशी की, या खेळांत बोलणे हे वर्णन नसते, कृती असते. जे. एल. ऑस्टिन यांची व्याख्याने १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्यापासून अशा उक्तींची चर्चा करताना आपण विवाहविधीची किंवा जहाजाच्या नामकरणाची उदाहरणे देतो. शाळेच्या अंगणात याहून चोख उदाहरणे सापडतात. डबा ऐसपैसमध्ये लपलेला गडी दिसला एवढ्याने तो बाद होत नाही. राज्य असलेल्या मुलाने त्याचे नाव घेऊन डब्यापाशी ‘डबा ऐसपैस’ म्हणावे लागते. नाव चुकले तर उक्ती फसते. म्हणूनच तर मुले सदऱ्यांची अदलाबदल करून फसवितात! लपाछपीत पाठीवर नुसती थाप मारून भागत नाही, ‘धप्पा’ हा शब्द उच्चारावा लागतो. खो-खोत ‘खो’ ऐकू आल्याखेरीज बसलेल्याने उठावयाचे नाही. हुतूतू अथवा कबड्डीत तर उच्चाराला घड्याळाचे काम दिलेले आहे. तेथे शब्दाचा अर्थ शून्य, पण तो अखंड ऐकू येणे हाच एका दमाचा पुरावा.

‘लिंबूटिंबू’ हा शब्द याच संदर्भात विचारार्ह आहे. लहान भावंडाला खेळात घ्यावयाचे, पळू द्यावयाचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यावयाचे नाही, अशी ही सवलत आहे. रूपाने हा साधा प्रतिध्वनी-शब्द. कार्याने मात्र ती एक कायदेशीर अवस्था म्हणावी लागेल, कारण एकदा ती जाहीर झाली की सर्वांवर बंधनकारक होते. ज्याँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गोट्यांच्या खेळावरून असे दाखविले की, दहा-अकरा वर्षांच्या सुमारास नियम हा परस्परसंमतीने बदलता येतो ही जाणीव मुलांत दृढ होते. आपल्याकडील मुले ती संमती कोणत्या शब्दांनी देतात आणि काढून घेतात, हा अभ्यास आपणच करावयाचा आहे.

आता ज्या शब्दांमुळे हा विषय भाषाशास्त्रात अधूनमधून डोकावतो त्यांकडे वळू. विटीदांडूच्या एका प्रकारात गल्लीपासून विटीपर्यंतचे अंतर दांडूने मोजतात, आणि मोजताना ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे शब्द क्रमाने म्हणतात. ज्या शब्दावर मोजणी संपेल त्याने पुढील टोला ठरतो : विटी पायावर ठेवून मारावयाची, मुठीवर ठेवून, की आणखी कोणत्या अवयवावर ठेवून. खेळणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हे शब्द म्हणजे टोल्यांची नावे होत. ते आकडे आहेत हे त्याच्या गावीही नसते. परंतु तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे आकडे शेजारी मांडले की संशयास जागा उरत नाही. कन्नडातील ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु हे आकडे इतके जुळत नाहीत. विशेषतः ‘वकट’मधील ट-कार कन्नडावरून सिद्ध होत नाही. तेलुगू बोलीत आरंभीच्या ओ-काराला लागणारी व-कारी छटा ‘वकट’मधील व-काराचा उलगडा करते. र-काराचा ल-कार होणे तर नित्याचेच.

‘मूंड’मधील अनुनासिक अधिक विचार करावयास लावणारे आहे. आजच्या तेलुगू ‘मूडु’त ते नाही. जुन्या लेखनात मात्र या शब्दात अर्धानुस्वार लिहीत असत. तेव्हा मराठी मुलांच्या तोंडी तेलुगूची जुनी अवस्था टिकून राहिली आहे, असा तर्क करण्याचा मोह होतो. पण दुसरी उपपत्तीही तितकीच संभवनीय आहे. क्रमाने म्हटले जाणारे शब्द एकमेकांना रंग देतात. रशियन भाषेत ‘नऊ’ या अर्थाच्या शब्दाच्या आरंभी अपेक्षित न-काराऐवजी द-कार आहे, तो शेजारच्या ‘दहा’ या अर्थाच्या शब्दामुळे. ‘लेंड’च्या सान्निध्याने ‘मूड’चे ‘मूंड’ झाले असणे मुळीच अशक्य नाही. एवढ्या एका बिंदूवर कालनिर्णयाचा डोलारा उभारणे प्रस्तुत लेखकास धाडसाचे वाटते.

याहून मोठे धाडस म्हणजे या चार शब्दांवरून मराठीच्या मुळाशी द्राविड भाषा असल्याचे सिद्ध करू पाहणे. मराठीवरील द्राविड संस्काराचे पुरावे आहेत, पण ते ध्वनिव्यवस्थेत, वाक्यरचनेत आणि रोजच्या शब्दसंग्रहात शोधावयाचे. इंग्लंडच्या उत्तर भागात मेंढ्या मोजताना ‘यान, टान, टेथेरा’ अशी केल्टिक वळणाची मोजणी वापरीत असत. ती तेथील प्राचीन भाषेचा अवशेष, की मागाहून बाहेरून आलेली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. खेळातील व धंद्यातील आकडे संचाने प्रवास करतात, आणि त्यासाठी लोकसमूहाने स्थलांतर करण्याची गरज नसते.

याचा ताजा दाखला मराठीतच आहे. ‘डबा ऐसपैस’मधील ‘ऐसपैस’ हे इंग्रजी ‘आय स्पाय’चे रूप, हिंदीत त्याचेच ‘आइस-पाइस’ झाले. मराठीत प्रशस्त या अर्थाचा ‘ऐसपैस’ शब्द आधीच होता. त्याच्या साच्यात परका उच्चार असा चपखल बसला की तो परका वाटेनासा झाला. खेळ थांबविण्यासाठी मुले ‘टॅम्प्लीस’ म्हणतात, ते ‘टाइम प्लीज’. इंग्रजीचे अक्षरही न येणाऱ्या मुलांनी हे शब्द उचलले, घासले आणि पुढे दिले. जे इंग्रजीच्या बाबतीत काही पिढ्यांत घडले, ते तेलुगूच्या बाबतीत सीमाभागातील शेजारातून, बाजारातून किंवा लष्करी तळांवरून घडले नसेल असे कोणत्या आधारावर म्हणावे?

देवघेव एकाच दिशेने होते असेही नाही. आट्यापाट्यांतील ‘लोण’ वृत्तपत्रांत जाऊन ‘आंदोलनाचे लोण पसरले’ असे झाले. कबड्डीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही ‘लोण’ हाच शब्द आहे, आणि संपूर्ण संघ बाद केल्याबद्दल त्याचे दोन गुण मिळतात.

या शब्दांची परंपरा आईबापांकडून मुलांकडे येत नाही. नऊ वर्षांचा मुलगा ती सात वर्षांच्या मुलाला देतो आणि दोन-तीन वर्षांत स्वतः खेळातून बाहेर पडतो. आयोना व पीटर ओपी यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या शाळकरी मुलांच्या भाषेवरील ग्रंथात या जलद हस्तांतराकडे लक्ष वेधले आहे. या समाजातील एक पिढी म्हणजे फार तर चार वर्षे. असे असूनही ‘वकट’ टिकला हे नवल खरे. पण अशी साखळी तुटावयासही तेवढीच वर्षे पुरतात. मार्च २०२० पासून प्राथमिक शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. त्या वेळी जी मुले सात वर्षांची होती त्यांना शब्द देणारी नऊ वर्षांची मुले भेटलीच नाहीत. जेथे गल्ली आणि वाडा शाबूत होते तेथे ही उणीव भरून निघाली असेल. मोठ्या शहरांतील सदनिकांत काय झाले, हे पाहण्याची वेळ आताची आहे. त्यातच खेळाच्या तासाला शिट्टी शिक्षकाच्या हाती असली की राज्य कोणावर, हे शिक्षकच ठरवितात. मुलांना व्यायाम घडतो. वाद घालण्याचा, आणि म्हणून बोलण्याचा, प्रसंग मात्र येत नाही.

आपल्या विभागातील जे विद्यार्थी या कामास हात घालतील त्यांनी प्रश्नावली घेऊन जाऊ नये. ‘याला तुम्ही काय म्हणता?’ असे मोठ्या माणसाने विचारले की मूल पुस्तकातला शब्द देते. मैदानाच्या कडेला, मुख्याध्यापकांच्या व पालकांच्या अनुमतीने, आठ-दहा दिवस नुसते बसावे. मुलांना आपला विसर पडू द्यावा. भांडण सुरू झाले की ध्वनिमुद्रण विशेष लक्षपूर्वक करावे, कारण एरवी न बोलले जाणारे नियम त्याच वेळी बोलले जातात. सुटा शब्द टिपू नये. क्रियापद, विभक्ती, हावभाव आणि ते म्हणणाऱ्याचे वय यांसह सबंध उक्ती टिपावी. तीच शाळा, तेच मैदान चार वर्षांनी पुन्हा गाठावे, आणि पहिल्या खेपेची टिपणे तोवर मुलांना दाखवू नयेत.