अंगठा लागत नाही, म्हणजे नेमकं काय होतं?

म्हसवडच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. आई साठीच्या पुढची. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर तिचा अंगठा तीनदा, चारदा लावला तरी लागत नाही. दुकानदार म्हणतो, ‘मावशी, तुमचे ठसेच पुसलेत.’ ठसे खरंच पुसतात का?

पुसत नाहीत. झिजतात, आणि पुन्हा येतात. रेषांचा साचा कातडीच्या आतल्या थरात असतो आणि आईच्या पोटात सहाव्या महिन्यापर्यंत तो पक्का झालेला असतो. वरची कातडी साधारण महिनाभरात नवी येते, ती त्याच साच्यावर. माणदेशातल्या हातांना तो महिना मिळत नाही, एवढीच अडचण. खुरपं, उसाचा कोयता, विटा, चुना, राखेने घासलेली भांडी. रेषा वर यायच्या आधीच घासली जाते. त्यात वय वाढलं की कातडी कोरडी पडते.

आता काचेच्या बाजूने पाहू. मशीनच्या त्या चौकोनी काचेखाली बहुधा लोलक असतो. आतला प्रकाश काचेवर इतका तिरपा पडतो की बाहेर न पडता सगळाच्या सगळा मागे फिरतो. शाळेतलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. बोटाचा उंचवटा काचेला टेकला की तिथला प्रकाश बोटात शिरतो आणि तेवढी जागा काळी दिसते. दोन उंचवट्यांमधल्या चरीत हवा असते, ती जागा उजळ राहते. बोट कुठे टेकलं आणि कुठे नाही, याचा हा नकाशा. रेषांमधलं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि यंत्र टिपतं इंचाला ५०० ठिपके. म्हणजे एका रेषेच्या वाट्याला सुमारे १० ठिपके आले.

मशीन जुळवतं ते रेषा कुठे संपते आणि कुठे तिला फाटा फुटतो, हे. कोरडं बोट सलग टेकत नाही. एका रेषेचे चार तुकडे दिसतात आणि प्रत्येक तुकड्याचं टोक मशीनला खरंच टोक वाटतं. अशी खोटी टोकं वाढली की जुळणी फसते. ओल्या बोटाचं उलट होतं, चरी पाण्याने भरतात आणि सगळंच काळं दिसतं. ‘डोक्याला पुसून लावा’ असं दुकानदार सांगतात ना, ते शहाणपणाचं आहे. केसांतलं पुसटसं तेल रेषेवरच्या बारीक फटी बुजवतं आणि बोट काचेला नीट टेकतं.

ठशांचा विषय निघाला की अझीझुल हक यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेला हा तरुण बंगाल पोलिसांत एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली लागला. हजारो लोकांच्या दहा-दहा बोटांचे ठसे कागदांवर साठलेले, त्यातला हवा तो कागद शोधायचा कसा? आपल्याकडे आज्या नातवंडांच्या बोटांवरची शंख-चक्रं मोजतात. हक यांनी जवळपास तेच केलं. प्रत्येक बोटाला एकच प्रश्न विचारला : चक्र आहे की नाही? दहा बोटं, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणजे दोनाचा दहावा घात, १०२४ खण. बोटांच्या पाच जोड्यांना १६, ८, ४, २, १ अशा किमती दिल्या. जोडीतल्या एका बोटासाठी एक बेरीज, दुसऱ्यासाठी दुसरी; चक्र असलेल्या बोटांच्याच किमती त्यांत मिळवायच्या, की त्या दोन बेरजांवरून कागद कोणत्या खणात जायचा ते ठरलं. संगणक यायच्या कितीतरी आधी केलेला हा द्विमान हिशेब आहे! १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं दप्तर सुरू झालं. हक यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनी ठसे तारेने कळवण्याची सांकेतिक भाषा तयार केली. पण पद्धतीला नाव पडलं ‘हेन्री पद्धत’, आणि १९०१ साली स्कॉटलंड यार्डातही ती त्याच नावाने गेली. हक यांना पुढे खानबहादूर किताब मिळाला, पैसेही मिळाले. पद्धतीवर नाव मात्र आलं नाही. ते यायला हवं, पाठ्यपुस्तकात यायला हवं.

हक यांचे खण ‘हा कोण?’ या प्रश्नासाठी होते. रेशनचं मशीन आधार क्रमांक घेऊन ‘ही तीच का?’ एवढंच विचारतं. काम सोपं, पण किती जुळलं म्हणजे तीच, हे माणसांनीच ठरवलेलं असतं. अट सैल ठेवली तर दुसऱ्याचा अंगठा चालून जातो, कडक ठेवली तर खऱ्या मावशी रिकाम्या पिशवीने परततात. एक चूक कमी करावी तर दुसरी वाढते. म्हणून ‘शंभर टक्के अचूक’ अशा जाहिरातीवर माझा विश्वास बसत नाही.

म्हसवडला तर अंगठ्याचा स्वतःचा इतिहास आहे. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. बायका अक्षरं गिरवायला बसल्या. पुन्हा गेल्या तेव्हा म्हणाल्या, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटर घेऊन काढू द्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे पिन द्यायची वेळ आली तेव्हा, सिन्हा सांगतात, बायकांनीच पिन नको म्हटलं. पिन कुणीही काढून घेईल, अंगठा कोण नेणार? ज्या अंगठ्यापायी अर्ज परत आला, त्याच अंगठ्यावर या बायकांनी भरवसा टाकला. तो काचेवर अडतो तेव्हा दोष त्यांच्या हाताला देऊ नये.

आता वाचकाच्या आईसाठी. आधी मशीनवरचा संदेश वाचून घ्या. ३०० क्रमांकाची चूक असेल तर ठसा जुळला नाही. रेंजचा किंवा सर्व्हरचा संदेश असेल तर अंगठ्याचा काही संबंध नाही. सिम आणि रेंज तपासायला सांगा. काच सुती फडक्याने पुसून घ्या, आधीच्या माणसाच्या घामाचा थर तिच्यावर असतो. बोट सपाट ठेवा, जोर देऊ नका. दाबलं की रेषा पसरून एकमेकींना चिकटतात. आणि अंगठ्याचा हट्ट सोडा. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात. एकेक लावून पाहा आणि चांगलं लागणारं बोट लक्षात ठेवा. कामात कमी वापरलं जाणारं बोट कमी झिजतं, सुरुवात त्याच्यापासून करा. एकही बोट लागलं नाही तर हातांना काही आठवडे विसावा मिळाल्यावर आधार केंद्रात ठसे नव्याने द्या.

अंगठा लागला आणि पावती कोरी आली, तर बहुधा कागदाची गुंडाळी उलटी बसली आहे. या मशीनमध्ये शाई नसते. कागदाच्या एका बाजूला उष्णतेने काळं होणारं रसायन असतं आणि छपाई त्याच बाजूला होते. ती बाजू ओळखायला कागदावर नख जोरात ओढा. काळी रेघ उठेल ती बाजू छपाईच्या पट्टीकडे करून गुंडाळी बसवायची.