फिरकीला लगाम : स्वीडनच्या घड्याळ कारखान्यातून निघालेले एक रीळ

बास हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा असून बुडालेल्या झाडांच्या फांद्या, पाणवनस्पतींची दाटी आणि खडकांच्या कपारी यांच्या आडोशाला दबा धरून बसण्याची त्याची सवय असल्यामुळे, त्याला गरवणाऱ्याला दोन गोष्टी साधाव्या लागतात : कृत्रिम आमिष आडोशाच्या अगदी कडेला नेमके टाकणे, आणि मासा लागल्यावर त्याला पुन्हा झाडोऱ्यात शिरू न देता जाड दोरीने ओढून बाहेर काढणे. या दोन्ही कामांसाठी अमेरिकेत जे साधन रूढ झाले, ते बेटकास्टिंग रीळ. त्यातील दोरी गुंडाळण्याची फिरकी काठीवर आडवी बसवलेली असते आणि आमिष फेकले की त्याच्या ओढीने ती स्वतः गरगर फिरून दोरी सोडते. स्पिनिंग रीळ या दुसऱ्या लोकप्रिय प्रकारात मात्र फेकीच्या वेळी फिरकी स्थिर राहते आणि दोरीचे वेढे तिच्या कडेवरून आपोआप निसटत जातात. फिरणाऱ्या फिरकीमुळे अंगठ्याच्या हलक्या दाबाने आमिष हवेतच रोखता येते व हव्या त्या वीतभर जागेत उतरवता येते, परंतु या रिळाचा मूळ दोषही त्याच फिरण्यातून जन्माला येतो.

आमिष हवेत झेपावल्यावर वाऱ्याच्या विरोधाने त्याचा वेग झपाट्याने उतरतो, तर मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या गतीला पोचलेली फिरकी स्वतःच्या जडत्वामुळे त्याच जोमाने फिरत राहते. परिणामी, आमिष जेवढी दोरी मागते त्याहून अधिक दोरी सुटते, सैल झालेले वेढे एकमेकांत अडकतात आणि क्षणार्धात असा गुंता होतो की तो सोडवण्यात सकाळ जावी. पतंगाच्या मांजाची फिरकी हाताळलेल्यांना ढील देताना होणारी अशी फसगत परिचयाची असेल. विश्वासार्ह बेटकास्टिंग रिळाचा दोनशे वर्षांचा इतिहास हा प्रामुख्याने या फिरकीला वेळेवर आणि बेताचा लगाम घालण्याचा इतिहास आहे, आणि त्यात घड्याळजींचा वाटा मोठा असणे स्वाभाविकच म्हणावे लागेल, कारण ताणलेल्या स्प्रिंगची ऊर्जा एकदम उधळू न देता मोजून-मापून सोडणे हाच त्यांचा व्यवसाय होय.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकी राज्यातील पॅरिस या गावी जॉर्ज स्नायडर नावाच्या चांदीकाम व घड्याळकाम करणाऱ्या कारागिराने दंतचक्रांच्या साहाय्याने मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे अनेक फेरे करणारे रीळ घडवले आणि पुढे फ्रँकफर्टच्या मीक बंधूंनी त्या कारागिरीला असा दर्जा दिला की ‘केंटकी रीळ’ ही एक ओळखच बनली. या रिळांचे काम नाजूक आणि किंमत जबर होती; शिवाय दोरी फिरकीवर सारखी पसरवण्याचे आणि गुंता रोखण्याचे काम सर्वस्वी अंगठ्यावर सोपवलेले होते. त्या शतकाच्या अखेरीस मिशिगनमधील कॅलामझू येथील विल्यम शेक्सपिअर यांनी दोरी सारखी पसरवणारी यंत्रणा प्रचारात आणली, तरी पहिल्या महायुद्धानंतरही बहुतेक रिळांची मूठ फेकीच्या वेळी फिरकीबरोबर उलटी फिरतच राही.

या पार्श्वभूमीवर स्वीडनच्या दक्षिणेकडील ब्लेकिंग प्रांतातल्या, मोरुम या सामनसाठी प्रसिद्ध नदीच्या काठावरील स्वेंगस्टा गावाचा कारखाना विशेष लक्ष वेधून घेतो. कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रोम यांनी 1921 मध्ये काढलेल्या या कारखान्याचे ‘आबू’ हे नाव ‘घड्याळ कारखाना’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनलेले आहे. तेथे खिशातली घड्याळे आणि पुढे टॅक्सीचे मीटर तयार होत, परंतु दुसऱ्या महायुद्धात इंधनटंचाईमुळे रस्त्यावरच्या टॅक्सी कमी होऊन मीटरची मागणी घटली आणि सूक्ष्म दंतचक्रे कापण्यात मुरलेल्या हातांना दुसरे काम देण्यासाठी कारखाना रिळांकडे वळला. 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथून ‘अँबॅसेडर 5000’ हे लाल रंगाचे, गोल बांध्याचे रीळ बाहेर पडले. गार्सिया या अमेरिकी कंपनीमार्फत ते अमेरिकेत पोचले आणि बास गरवणाऱ्या दोन-तीन पिढ्यांच्या हाती रुळले.

त्याची वेळही अनुकूल होती. धरणे बांधून टेनेसी खोऱ्यात आणि दक्षिणेकडील राज्यांत जे विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले, त्यांच्या तळाशी उभी जंगले बुडाली व तेथे बासची वाढ जोमाने झाली. 1967 मध्ये रे स्कॉट यांनी आर्कान्सामधील बीव्हर जलाशयावर मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी बास गरवणाऱ्यांची संघटना उभी केली, तेव्हा बुडीत झाडांतून मासा ओढून काढणाऱ्या दणकट रिळाची मागणी आधीच तयार होती.

या रिळाच्या पोटातला सर्वांत चित्तवेधक भाग म्हणजे अपकेंद्री ब्रेक. फिरकीच्या आसावर आडवी बसवलेली बारीक तार, तिच्या दोन्ही टोकांवर सरकणारे दोन चिमुकले ठोकळे आणि त्यांच्याभोवती एक गुळगुळीत धातूचे कडे, एवढाच त्याचा पसारा. फिरकीने वेग घेतला की ठोकळे बाहेर सरकून कड्यावर घासतात, आणि त्यांना बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, वेग दुप्पट झाल्यास लगाम चौपट होतो. गुंत्याचा धोका फेकीच्या सुरुवातीलाच, फिरकी सर्वाधिक वेगात असताना सर्वांत जास्त असतो व नेमका तेव्हाच हा ब्रेक सर्वाधिक आवळतो. उत्तरार्धात फिरकी मंदावली की तो जवळजवळ सुटतो आणि आमिषाचा पल्ला कापला जात नाही. फेकीपूर्वी कळ दाबली की दंतचक्र आसापासून सुटे होते, त्यामुळे मूठ जागच्या जागी राहते. फिरकी आणि बाजूची चकती यांतील फट इतकी अरुंद राखलेली असते की बारीक तंगूसही सहसा तीत शिरत नाही. घड्याळजीचा हात येथे स्पष्ट दिसतो.

पुढच्या काळात स्पर्धेला जपानी कारखाने उतरले. सायकलच्या गियरमुळे मराठी वाचकांच्या परिचयाच्या असलेल्या शिमानोने 1970 च्या दशकात अलाबामाच्या ल्यू चिल्ड्रे यांच्यासाठी ‘स्पीड स्पूल’ हे तळहातात मावणारे बसके रीळ बनवले आणि 1978 मध्ये स्वतःचे ‘बँटम’ आणले. दायवाने चुंबकाचा ब्रेक रूढ केला, ज्यात अ‍ॅल्युमिनियमच्या फिरत्या फिरकीत निर्माण होणारे भोवरी विद्युतप्रवाह तिला स्पर्श न करता रोखतात. चुंबकाचा हा रोध वेगाच्या साध्या प्रमाणात बदलतो आणि फिरकी मंदावल्यावरही थोडा टिकून राहतो, म्हणून नवशिक्याला तो अधिक सांभाळून घेतो, पण पल्ला काहीसा कमी करतो. जपानमध्ये 1925 साली आशी सरोवरात सोडलेला बास आज तेथे उपद्रवी परका मासा ठरला असला, तरी जपानी अभियंत्यांना आपल्या रिळांची परीक्षा घरच्याच पाण्यात घेता आली, ही गंमतही नोंदवण्याजोगी आहे. 1990 च्या दशकातल्या शिमानोच्या हिरव्या ‘कुराडो’ने वजन, फेक आणि टिकाऊपणा यांचा जो मेळ घातला, त्यामुळे अँबॅसेडरनंतर भरवशाचे रीळ म्हणून अनेकांच्या तोंडी त्याचेच नाव येते.

तथापि भरवसा या गुणाचा विचार केवळ फेकीपुरता करून भागत नाही. कोणत्याही बेटकास्टिंग रिळात सर्वांत आधी झिजतो तो दोरी पसरवणाऱ्या यंत्रणेतला पॉल, म्हणजे उलटसुलट आटे कापलेल्या दांड्याच्या खाचेतून सरकणारा छोटासा टोकदार तुकडा. खाचेत वाळू किंवा सुकलेले ग्रीस साचले की तो अडतो, मग त्याची धार बसते, आणि दोरी एकाच बाजूला ढिगाने जमू लागते. अँबॅसेडरच्या रचनाकारांनी हे गृहीत धरले होते. जुन्या रिळांबरोबर चामड्याच्या डबीत सुटा पॉल, ब्रेकचे जादा ठोकळे, पाना आणि तेलाची नळी मिळे. ही डबी म्हणजे मालकाशी केलेला प्रामाणिक करार होता, असे म्हणण्यास हरकत नाही. शिवाय या घराण्याच्या रिळांचे अनेक भाग दशकानुदशके फारसे न बदलल्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचे रीळ आजही सुट्या भागांवर चालू करता येते.

आजच्या रिळांची अडचण येथेच सुरू होते. दर काही वर्षांनी नवी आवृत्ती बाजारात येते, जुनीचे दंतचक्र किंवा बाजूची चकती नवीला बसत नाही, आणि निर्मात्याने साठा संपल्याचे जाहीर केले की उत्तम स्थितीतले रीळ एका तुकड्यापायी निकामी होते. वजन घटवण्यासाठी वापरलेल्या प्लास्टिकच्या चौकटी जोराच्या ओढीखाली किंचित पिळवटतात आणि दंतचक्रांचे दात तिरके लागून झिजतात. मॅग्नेशियमच्या चौकटी हलक्या व ताठ असल्या, तरी खाऱ्या पाण्याशी त्यांचे जमत नाही. काही महागड्या रिळांत फिरकीच्याच फिरण्यातून वीज घेऊन इलेक्ट्रॉनिक मंडल ब्रेकचे नियमन करते. त्याची फेक खरोखर वाखाणण्यासारखी असते, पण ते मंडल बिघडल्यास घरी दुरुस्त होत नाही. जुन्या रिळांच्या उणिवाही झाकण्याजोग्या नाहीत : त्यांची फिरकी जड असल्याने सात-आठ ग्रॅमहून हलके आमिष ती धड फेकत नाही, त्यांचा बांधा दिवसभर मुठीत धरायला ओबडधोबड वाटतो आणि आजची रिळे मुठीच्या एका फेऱ्यात फिरकी सहा ते आठ वेळा फिरवत असताना मूळ 5000 साडेतीनच्या आसपासच थांबते. समोरून वारा आला की नवे आणि जुने, दोन्ही प्रकार अखेर अंगठ्याचाच आधार मागतात.

ज्याला दिवसाला शेकडो वेळा हलके आमिष फेकायचे आहे त्याने नवे बसके रीळ घ्यावे. ज्याला एकच रीळ आयुष्यभर वापरायचे आहे त्याच्यासाठी स्वेंगस्टाचे जुने गोल रीळ अजूनही सरस ठरते. ते विकत घेताना रिळाच्या पायावर कोरलेला क्रमांक पाहावा, कारण 1970 च्या दशकाच्या मध्यापासूनच्या रिळांत त्यातले पहिले दोन आकडे वर्ष आणि पुढचे दोन महिना सांगतात. त्यानंतर पॉलची धार आणि दांड्याच्या खाचा तपासाव्यात, मूठ सावकाश फिरवून दंतचक्रांची खरखर ऐकावी, आणि ब्रेकचे दोन्ही ठोकळे जागेवर आहेत ना, याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.