परिचारिकांचा कार्यस्थळी छळ : विद्यार्थिनीला संरक्षण, नोकरीत मात्र पोकळी

वाराणसी : बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात नर्सिंग महाविद्यालय आणि सर सुंदरलाल रुग्णालय या दोन्ही संस्था आहेत. पूर्व उत्तर प्रदेशासह बिहार, झारखंडमधील रुग्ण येथे उपचारांसाठी येतात. येथे शिकणाऱ्या विद्यार्थिनीला वरिष्ठांनी त्रास दिल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी विनियम तिच्या मदतीला येतात. मात्र, पदवी घेऊन ती देशातील कोणत्याही रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाली की हे संरक्षण संपते.

सहकाऱ्याशी झालेला एखादा वाद म्हणजे छळ नव्हे. मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी त्यासाठी आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने चालणारे वर्तन, असा निकष मांडला होता. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाचे स्टोले आयनार्सन यांच्या प्रश्नावलीत अशा वर्तनाची २२ विधाने आहेत. आवश्यक माहिती दडवणे, आवाक्याबाहेरचे काम लादणे, वाळीत टाकणे यांचा त्यांत समावेश आहे.

वॉर्डमध्ये हे वर्तन कामकाजाच्या आड दडते. सलग रात्रपाळ्या, ऐनवेळी नाकारलेली रजा, रुग्णांसमोर केलेला पाणउतारा, पाळी बदलताना अर्धवट दिलेली माहिती यांपैकी प्रत्येक गोष्टीला ‘प्रशासकीय गरज’ म्हणता येते. त्यामुळे तक्रार करणारीच ‘जुळवून न घेणारी’ ठरते. कंत्राटी परिचारिकेला तर नूतनीकरणाचीही धास्ती असते.

अशा त्रासाचा संबंध निद्रानाश, चिंताविकार, नैराश्य आणि नोकरी सोडण्याच्या विचारांशी आढळतो. कामातील दीर्घ ताणातून येणाऱ्या ‘बर्नआउट’ची जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून नोंद घेतली. त्याची झळ रुग्णालाही बसते. औषधाच्या मात्रेबाबत शंका असूनही ओरडा बसेल या भीतीने परिचारिकेने वरिष्ठांना विचारले नाही, तर धोका खाटेवरील रुग्णाला असतो.

मुंबईच्या नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी यांच्या २२ मे २०१९ रोजीच्या मृत्यूनंतर वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाचा प्रश्न देशभर चर्चेत आला. त्या पदव्युत्तर विद्यार्थिनी असल्याने महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा नोंदवता आला. नोकरीतील परिचारिकेला हा मार्ग उपलब्ध नाही. २०१३ चा कार्यस्थळविषयक कायदा केवळ लैंगिक छळापुरता आहे, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा जातिवाचक अपमानासारख्या प्रकारांतच लागू होतो. कार्यस्थळावरील सर्व प्रकारच्या हिंसा व छळाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १९० हा २०१९ मध्ये संमत झाला. भारताने त्याला अद्याप अनुमोदन दिलेले नाही.

स्वतंत्र कायदा होईपर्यंत रुग्णालयांना काही उपाय स्वतःच योजता येतात. ड्युटीचे वेळापत्रक सर्वांना दिसेल असे आगाऊ लावणे, रजा नाकारल्यास लेखी कारण देणे, पाळीबदलाची माहिती ठरावीक नमुन्यात नोंदवणे आणि तक्रार संबंधित वॉर्डप्रमुखांऐवजी स्वतंत्र समितीकडे सोपवणे, हे त्यांतील प्रमुख होत. त्रास सोसणाऱ्या परिचारिकेने तारीख, वेळ व साक्षीदारांसह घटनांची नोंद ठेवल्यास तक्रारीला आधार मिळतो.

मानसिक आधारासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.