न जाणवलेली ठिणगी

मंडळी, गेल्या व्याख्यानात आपण मीमांसकांच्या अनुपलब्धी या प्रमाणाचा विचार केला. शेवटी एक चिठ्ठी आली होती: "नातू घरच्या कॉम्प्युटरची रॅम स्वतःच बदलतो. जरा काळजी घे म्हटलं तर म्हणतो, मला कधी झटका बसलेला नाही. हे मान्य करायचं का?" चिठ्ठी विषयाबाहेरची वाटेल, पण ती नेमकी विषयातली आहे.

कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण. समोर घागर दिसत नाही, म्हणून ती तिथे नाही. पण त्याला एक अट आहे. घागर असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. हीच योग्यानुपलब्धी. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही म्हणून ती नाही, असं आपल्याला म्हणता येत नाही.

नातवाचं विधान या कसोटीला लावून बघू. आपल्या शरीरावर साचलेला विद्युतभार सुटताना बोटाला चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. आकडा मोठा वाटतो, पण शरीरात साठणारा भारच इतका थोडा की त्यातली ऊर्जा अर्धा मिलिज्यूलही भरत नाही, म्हणून आपल्याला काही होत नाही. चिपचं तसं नाही. तिच्यातल्या ट्रान्झिस्टरमध्ये विद्युतरोधक थर असतो, तो अवघा काही नॅनोमीटर जाडीचा. आपला केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटरचा असतो, त्यावरून अंदाज करा. काही नाजूक भाग दोनशे-अडीचशे व्होल्टलाही दगावतात. म्हणजे या दोन आकड्यांमधला जो मोठा पट्टा आहे, तिथे नुकसान होऊ शकतं आणि आपल्याला काहीच जाणवत नाही. ही अंधारी खोलीच झाली! नातवाचं 'जाणवलं नाही' खरं आहे, पण त्यावरून 'झालं नाही' निघत नाही.

यावर तो म्हणेल, पण कॉम्प्युटर तर चालू आहे ना? बरोबर आहे. चिपच्या पायांपाशी संरक्षणाची सोय केलेली असते, त्यामुळे बहुतेकदा निभावतं. ते आपण नाकारायचं कारण नाही. पण कधी थर पूर्ण फुटत नाही, नुसता कमकुवत होतो. मग रॅम आणखी काही महिन्यांनी अधूनमधून चुकायला लागते, आणि ती चुकीचं वाचते-लिहिते तेव्हा फोटो, हिशेब, प्रबंध अशा फायली गुपचूप खराब होऊ शकतात. त्या वेळी 'माल खराब निघाला' म्हणून आपण दुकानदाराला बोल लावतो. कारण आणि कार्य यांच्यात इतका काळ गेला की संबंध जोडणार कोण?

(नावसुद्धा फसवं आहे बघा. 'स्थिर' विद्युत म्हणायचं, आणि ती स्थिर आहे तोवर काही बिघडत नाही, बिघडतं ते ती हलते तेव्हा.)

मग करायचं काय? इथे आपल्याला एकच गोष्ट पक्की समजून घ्यायची आहे. भार शून्यावर आणायचा नसतो, फरक मिटवायचा असतो. आपण, कॅबिनेट आणि रॅम तिघं एकाच पातळीवर असलो, तर ठिणगी पडायला जागाच नाही. म्हणून प्लग काढावा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलासुरला भार जाऊ द्यावा आणि कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या पत्र्याला हात लावावा. काही जण अर्थिंगसाठी प्लग लावून ठेवायला सांगतात. आम्हाला तो सल्ला पटत नाही. आपल्याकडच्या कित्येक जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे वायरच नसते.

एकदा हात लावून भागत नाही. जरा उठलो, खुर्चीवर सरकलो, की भार पुन्हा जमतो. मनगटपट्ट्याचा उपयोग हाच, तो जोडलेलाच राहतो. त्याची चिमटी उघड्या पत्र्याला लावायची. त्याच्या वायरीत १ मेगाओहमचा रोध असतो. चुकून २३० व्होल्टशी गाठ पडली तरी पाव मिलिअँपिअरहून कमी प्रवाह वाहतो. म्हणून साधी तार मनगटाला गुंडाळणं हा पर्याय नव्हे.

पट्टा नसेल तर दर दोन मिनिटांनी पत्र्याला हात लावायची सवय ठेवावी. स्वेटर आणि नायलॉनचा गालिचा टाळावा, विशेषतः विदर्भातल्या कोरड्या थंडीत. कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवाच बरंच काम करते. रॅम कडेनं धरावी, सोनेरी पट्टीला बोट लावू नये. तिची चंदेरी पिशवी आधी कॅबिनेटला टेकवून मगच उघडावी. त्या पिशवीवर मदरबोर्ड ठेवून चालू करून बघणारे असतात. पिशवीत धातूचा थर असतो, तेव्हा तसं करू नये.

आणि पॉवर सप्लायची पेटी मात्र उघडायचीच नाही. प्लग काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असू शकतो, आणि तिथे धोका रॅमला नाही, नातवाला आहे.