कुस्ती, नुरा कुस्ती आणि नाटक

गेल्या १५ डिसेंबरची, सोमवारची गोष्ट. मधल्या सुटीत आठवीच्या वर्गातील पाचसहा मुले आमच्याभोवती जमली. चेहरे असे उतरलेले, की कोणाच्या घरी काही अशुभ घडले असावे अशी आम्हांस शंका आली. चौकशी करता उलगडा झाला तो असा, की १३ डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरी जॉन सीना या मल्लाची अखेरची कुस्ती झाली आणि तीत गुंथर नामक प्रतिस्पर्ध्याच्या पकडीत सापडून त्याने हाताने थोपटून हार पत्करली. ‘कधीही हार मानू नका’ हे ज्याचे ब्रीद, त्यानेच हार मानावी हे मुलांना सोसवत नव्हते. त्यांतील एक जण कुत्सितपणे म्हणाला, “सर, ते सगळं खोटंच असतं. हे उगाच रडतात.” त्यावर दुसरा डोळे पुसत उत्तरला, “खोटं असेल, पण वाईट तर खरंच वाटलं ना!”

या दुसऱ्या मुलाच्या उत्तराने आम्हांस विचारात पाडले. आम्हीही शाळकरी वयापासून या खेळाचे शौकीन आहोत, हे प्रथमच कबूल केलेले बरे. तेव्हा हा प्रकार नेमका आहे तरी काय, त्यात खरे किती व रचलेले किती, आणि खोटे म्हणून तो त्याज्य ठरतो काय, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभी एका शब्दाचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे या खेळांना सर्रास ‘फ्रीस्टाइल’ म्हणतात. वस्तुतः फ्रीस्टाइल हा ऑलिंपिकमधील कुस्तीचा एक रीतसर प्रकार होय. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले ते याच प्रकारात, आणि त्या कुस्तीत कोणी कोणाशी आधी काही ठरविलेले नव्हते. दूरचित्रवाणीवर व मोबाइलवर आपण पाहतो तो व्यावसायिक कुस्तीचा खेळ निराळा. त्यात कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते. कोणाचे कोणाशी वैर जुळवायचे, कोणाला दुष्ट करायचे, पट्टा कोणाच्या कमरेला बांधायचा, हे लेखक व चालक मिळून ठरवितात. ही गोष्ट बरीच वर्षे गुप्त राखली जात असे. १९८९ साली मात्र अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात त्या धंद्याच्या मालकांनीच सरकारदरबारी सांगून टाकले, की ही स्पर्धा नसून करमणूक आहे. कारण साधे होते: खेळांवरील सरकारी देखरेख व कर यांतून त्यांना सुटका हवी होती.

आमचे मूळ कोकणातले. घरी बोली कोंकणी आणि लहानपणीची करमणूक म्हणजे देवळाच्या आवारातील रात्रभर चालणारा दशावतार. त्यात नटांच्या हाती लिहिलेली संहिता नसते. कथानक तेवढे ठरते. राजा कोण, राक्षस कोण, शेवट काय, हे सांगितले जाते आणि भाषणे नट रंगभूमीवर उत्स्फूर्तपणे रचतात. मृदंगाच्या ठेक्यावर राजा व राक्षस यांची लढाई जुंपते. राक्षस मरणार हे अगदी लहान पोरालाही ठाऊक असते. तरीही तो मरेपर्यंत कोणी उठत नाही. ‘कोण जिंकणार’ हा तेथे प्रश्नच नसतो. ‘कसा जिंकणार’ यातच सारी गोडी असते. व्यावसायिक कुस्तीचे अगदी असेच आहे. शेवट व मुख्य प्रसंग ठरलेले असतात. मधले डाव पुष्कळदा मल्ल झोंबता झोंबता एकमेकांच्या कानांत कुजबुजून ठरवितात, आणि पंचही निरोप्याचे काम करतो.

मग अंगावर पडणारे घावही लटकेच काय? नव्हे. रिंगण पोलादी तुळयांवर फळ्या, त्यांवर पातळ गादी आणि वर कापड अशा रीतीने उभारलेले असते. फळ्या दणाणतात म्हणून आघात आहे त्याहून मोठा भासतो; पण शरीर पडते ते फळ्यांवरच. हनुवटी छातीशी टेकवून, पाठ सपाट ठेवून, आघात सर्वांगावर वाटला जाईल असे पडण्याची विद्या वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. शिवाय येथे प्रतिस्पर्धी हा खरा सहकारी असतो. मला उचलणाऱ्याने माझी मान सांभाळायची, असा त्यांचा अलिखित करार असतो. तो क्षणभर चुकला तर काय होते? १९९७ साली स्टीव्ह ऑस्टिन हा नामांकित मल्ल एका चुकलेल्या डावात डोक्यावर पडला आणि त्याच्या मानेला जबर इजा झाली. १९९९ च्या मे महिन्यात ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोराने खाली उतरण्याच्या देखाव्यात कोसळून प्राणास मुकला. विजय रचलेला असतो. हाडे मात्र खरी असतात.

हे सांगण्याचे कारण आहे. मागील पावसाळ्यात आमच्या परिचयाच्या एका मुलाने जिन्याच्या कठड्यावरून आपल्या जिवलग मित्राच्या अंगावर उडी घेतली. मित्राचे मनगट मोडले. “तो बाजूला होईल असं वाटलं होतं,” एवढेच तो मुलगा पुनःपुन्हा सांगत राहिला. विद्यार्थी मित्रहो, पडद्यावर तो मल्ल नेमक्या क्षणी झेलतो, कारण त्याने ते शेकडो वेळा केलेले असते. आपल्या मित्राने केलेले नसते.

आता मराठी माणसाच्या दृष्टीने पाहू. कोसाडच्या आपल्या वस्तीत खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून आलेली बरीच कुटुंबे आहेत. गावच्या यात्रेतील कुस्त्यांची दंगल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘नुरा कुस्ती’ हा शब्द ठाऊक असेल. दोन मल्लांनी आपसांत ठरवून, लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकून केलेली कुस्ती ती नुरा. असा संशय जरी आला तरी प्रेक्षक खवळतात. कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली सिद्ध केले; तेथे लाल मातीच्या हौद्यात चितपट झालेला मल्ल हरला तरी मान राखून जातो, पण नुरा करणारा मान गमावतो. मग जी गोष्ट मातीत लांच्छनास्पद, ती त्या रिंगणात क्षम्य कशी? आमचे उत्तर असे, की फसवणूक ठरविण्यात नसते, लपविण्यात असते. नाटकातील हरिश्चंद्र घरी जाऊन पोटभर जेवतो म्हणून त्याला कोणी लबाड म्हणत नाही. कारण तिकीट काढतानाच आपण ते जाणून असतो. नुरा कुस्तीत मात्र खऱ्याचे मोल घेऊन खोटे दिले जाते.

या खेळांचे वेड आपल्या देशाला नवे नाही. दारासिंग व किंगकाँग यांच्या नावांनी आपल्या आजोबांच्या पिढीला झपाटले होते. २९ मे १९६८ रोजी दारासिंगांनी मुंबईत लू थेझ यांना हरवून जागतिक अजिंक्यपद मिळविले. पुढे २००७ साली हिमाचल प्रदेशातील दलिपसिंग राणा, म्हणजेच ‘द ग्रेट खली’, अमेरिकेतील विजेता झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो, आणि त्या दिवशीचा आमचा आनंद मुळीच रचलेला नव्हता.

नाटक म्हटले की त्याचे गुणदोष नाटकाच्याच मापाने मोजले पाहिजेत. अलीकडील कथानकांपैकी कोडी ऱ्होड्स याचे आम्हांस उत्तम वाटले. त्याचा बाप डस्टी ऱ्होड्स थोर मल्ल, पण त्या संस्थेचे अजिंक्यपद त्याला कधी लाभले नाही. ते मिळविण्यासाठी मुलगा २०२२ साली परतला, २०२३ च्या एप्रिलमध्ये अखेरच्या पायरीवर हरला, आणि ७ एप्रिल २०२४ रोजी फिलाडेल्फिया येथे त्याने रोमन रेन्सची १,३१६ दिवसांची सत्ता संपविली. बापाचे अपुरे राहिलेले मुलाने पुरे करावे, ही गोष्ट समजावयास इंग्रजी यावे लागत नाही. लेखकांनी एक वर्ष थांबण्याचा धीर दाखविला, म्हणून ती मनाला भिडली.

याउलट सीनाचे. वीस वर्षांहून अधिक काळ सज्जन राहिलेल्या या मल्लाने १ मार्च २०२५ रोजी टोरंटो येथे अकस्मात कोडीवर घाला घालून दुष्टपणा पत्करला. क्षण विलक्षण होता! एप्रिलमध्ये त्याने विक्रमी सतरावे अजिंक्यपदही मिळविले. पण तो दुष्ट का झाला, याचे पटण्याजोगे कारण कोणी दिले नाही; ज्याच्या चिथावणीने हे घडले तो ‘द रॉक’ त्या एप्रिलच्या सोहळ्यात फिरकलाही नाही; आणि ऑगस्टमध्ये सीना काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सज्जन झाला. कारणावाचून आलेला पालट आणि पश्चात्तापावाचून झालेली सुधारणा, दोन्ही कथेला मारक ठरतात.

शेवट मात्र आम्हांस पटला, मुलांना कितीही कडू लागला तरी. त्या व्यवसायातील जुना संकेत असा, की निवृत्त होणाऱ्याने हरून जावे, म्हणजे आपल्या नावाचे बळ मागे राहणाऱ्याला मिळते. हार न मानणाऱ्याने अखेर हसतमुखाने हार मानली, ती दुसऱ्याच्या हाती काही ठेवून जाण्यासाठी. यात आम्हांस उणेपणा दिसत नाही.

जाता जाता एक खरी कुस्ती आठवू. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. त्याच स्पर्धेत पूर्वी हा किताब मिळविलेल्या एका मल्लाने, आपली पाठ टेकली नव्हती या समजुतीने संतापून, पंचांवर लाथ उगारली. पुढे तीन वर्षांच्या निलंबनाचा निर्णय जाहीर झाला. तेच कृत्य नाटकी रिंगणात झाले असते तर टाळ्या पडल्या असत्या. तेथे पंच उठून अंगावरील धूळ झटकतो आणि पुढल्या आठवड्याला नवे कथानक सुरू होते. मातीत पुढला आठवडा आपोआप येत नाही; निर्णय चुकीचा वाटला तरी दाद मागण्याचा मार्ग वेगळा असतो, आणि गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

म्हणून आमच्या त्या दोन्ही विद्यार्थ्यांना आम्ही सांगितले ते असे: “तू म्हणतोस ते बरोबर, ते नाटक आहे, आणि तुझे डोळे पाणावले तेही बरोबर, कारण नाटक चांगले होते.” मंगळवारी सकाळी तो खेळ अवश्य पाहावा. मात्र संध्याकाळी अंगणात उतरताना समोर उभा आहे तो आपला मित्र आहे आणि त्याची मान कोणी लेखक सांभाळणार नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.