खेळाडूची झोप

लवकर निजावे आणि लवकर उठावे, हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खेळाचा सराव करणारी शाळकरी मुले मात्र बहुधा त्याचा उत्तरार्धच पाळतात. पहाटे पाच वाजता ती मैदानाकडे निघतात. पण आदल्या रात्री ती वेळेवर निजलेली असतातच असे नाही. खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या मुलांच्या झोपेची तुलना केली, म्हणजे या सवयीची किंमत आपल्या लक्षात येते.

१३ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींना दररोज ८ ते १० तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये केली. या वयात शरीर झपाट्याने वाढते. वाढीला आवश्यक असणारे संप्रेरक प्रामुख्याने गाढ झोपेत स्रवते. दिवसा शिकलेली गोष्ट, मग ते भूमितीचे प्रमेय असो वा चेंडू टाकण्याची नवी रीत, मेंदूत पक्की होण्यासही झोपेचेच साहाय्य होते.

याच वयात एक अडचणही निर्माण होते. निजण्याची वेळ झाल्याची सूचना शरीराला देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक लहानपणापेक्षा रात्री उशिरा स्रवू लागते. त्यामुळे लवकर अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही. हा आळस नव्हे, तो वयाचा धर्म आहे.

खेळाडूंना येथे व्यायामाची मदत होते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १७ वर्षे वयाचे २५८ खेळाडू आणि १७६ इतर विद्यार्थी होते. खेळाडू आठवड्याला सरासरी १७ तासांहून अधिक व्यायाम करीत, तर इतर विद्यार्थी पाच तासांहूनही कमी. विद्यार्थ्यांनी स्वतः ठेवलेल्या नोंदींवरून असे दिसून आले, की खेळाडूंना झोप लवकर लागते, रात्री जाग कमी येते आणि दिवसा थकवाही कमी जाणवतो.

मात्र झोप चांगली असणे आणि झोप पुरेशी असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. सायंकाळचा सराव, त्यानंतरचा अभ्यास आणि पहाटेचा पुन्हा सराव यांमुळे रात्र दोन्ही बाजूंनी आखूड होते. अकराला निजून पाचला उठणाऱ्या मुलाला केवळ सहा तास मिळतात. रोज किमान दोन तासांची ही तूट सहा दिवसांत बारा तासांवर जाते. व्यायामाने दिलेले वेळापत्रक हिरावून घेते, ते असे.

या तुटीचे परिणाम मैदानावरच दिसतात. लॉस एंजेलिसमधील ११२ शालेय खेळाडूंचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांमध्ये दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या १.७ पट आढळली. दुखापतीची कारणे अनेक असतात. तरी हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. याउलट, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ११ बास्केटबॉलपटूंनी काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात घालवण्याचा प्रयत्न केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांचा धावण्याचा वेग वाढला आणि चेंडू टोपलीत टाकण्याची अचूकता सुमारे नऊ टक्क्यांनी सुधारली.

हा प्रश्न एकट्या मुलाच्या शिस्तीचा नाही. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक माध्यमिक शाळा सकाळी साडेआठपूर्वी भरवता येत नाहीत. तसा कायदाच तेथे करण्यात आला. सर्वत्र असे घडेलच असे नाही. परंतु सायंकाळचा सराव लवकर संपवणे, सामन्यानंतरच्या पहाटे विश्रांती देणे, ही गोष्ट प्रशिक्षकांच्या हाती आहे. रात्री चहा टाळणे, दिवा व मोबाईल वेळेवर बंद करणे, ही घराची जबाबदारी आहे.

आपल्या घरातील मूल पहाटे मैदानावर जात असेल, तर त्याला उठवण्याची जेवढी काळजी आपण घेतो, तेवढीच त्याला वेळेवर निजवण्याचीही घ्यावी. झोप हा सरावातील खंड नसून सरावाचाच एक भाग आहे.