मूल हसते-खेळते असले तरी

मूत्रपिंडातील मूत्र एका बारीक नळीवाटे मूत्राशयात उतरते. काही बालकांत ही नळी मूत्रपिंडापाशीच जन्मतः अरुंद असते. मग मूत्र तुंबते व मूत्रपिंड फुगते. पूर्वी पोटात गोळा लागला, ताप आला किंवा कुशीत कळ येऊन उलट्या झाल्या, म्हणजेच हा दोष कळे. आता गर्भातच सोनोग्राफीत सूज दिसते.

आईबापांनी घाबरू नये; पुष्कळ मुलांची सूज आपोआप उतरते. जन्मानंतर, बहुधा ४८ तास उलटल्यावर, पुन्हा सोनोग्राफी करतात. आधी मूत्रच थोडे असल्याने सूज लपू शकते. पुढे गरजेप्रमाणे अल्प किरणोत्सर्गी द्रव्य टोचून प्रत्येक मूत्रपिंड किती काम करते व मूत्र कसे उतरते, हे पाहतात. काम घटत गेले किंवा सूज वाढत राहिली, तर शस्त्रक्रिया करावी लागते. अँडरसन व हाइन्स यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने अरुंद भाग कापून नळी रुंद तोंडाने पुन्हा जोडतात. १० पैकी ९ मुलांना तरी गुण येतो.

वर्गात एका मुलाची गणिते शेजारचा सोडवून देतो, तेव्हा पहिल्याचे कच्चेपण परीक्षेपर्यंत कळत नाही. मूत्रपिंडांचेही तसेच आहे. एक निकामी होत असता दुसरे त्याचा भार उचलते. म्हणून मूल हसते-खेळते असले, तरी तपासणीची तारीख चुकवू नये.